नकाशा आपल्या कणगीत असू द्या

(परभणी जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर माझ्या आधीचे वक्ते बोलून गेले, माझ्यानंतरचेही बोलतील. मला आज विषय दिला आहे नकाशाचा, आणि तोही संगणकातल्या नकाशाचा. मागच्या रांगेतली काही मंडळी चहाला उठायच्या बेतात आहेत, ते मला दिसतंय. बसा हो. गोष्ट पाण्याचीच आहे.

कृषी पदवी घेतल्यावर मी काही वर्षं पाणलोटाच्या कामावर होतो. साल 2004. कार्यालयात एकच संगणक आणि त्यावर नकाशाचं सॉफ्टवेअर. ते चालायचं, पण सीडी घातली तरच. एका सीडीवर उंचसखलपणाच्या रेषा, दुसरीवर ओढेनाले, तिसरीवर उपग्रहाचं चित्र. ओढा बघून झाला आणि उतार बघायचा म्हटलं की संगणक सांगणार, आता पहिली चकती घाला. सगळ्या सीड्या साहेबांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात.

एके दिवशी जिंतूरकडच्या डोंगराळ भागातल्या एका गावाहून चार माणसं आली. म्हणाली, "साहेब, आमच्या गावचा बंधारा तुम्ही खालच्या ओढ्यावर धरलाय. तो दिसायला रुंद आहे, पण पाणी वरच्या ओढ्याला जास्त येतं. तुमच्या नकाशात बघा." बघणं सोपं होतं. दोन्ही ओढ्यांना किती रानाचं पाणी येतं, एवढंच मोजायचं होतं. पण साहेब रजेवर होते. मी म्हणालो, "पुढच्या सोमवारी या." सोमवारी ती माणसं पुन्हा आली, एसटीचं भाडं पुन्हा खर्चून. किल्ली मिळाली, सीडी मिळाली, पण तिच्यावर ओरखडा. संगणक नुसता घरघर करत राहिला. आराखडा पाठवायची मुदत त्याच आठवड्यात संपली, आणि कागदावर जे होतं तेच मंजूर झालं.

दोन पावसाळ्यांनंतर मी त्या गावी गेलो. चांगला पाऊस होऊन आठ दिवस झाले होते आणि बंधाऱ्याच्या पोटात पोरं क्रिकेट खेळत होती. त्या चौघांपैकी एक म्हातारबाबा बांधावर बसले होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आम्ही आलो होतो, साहेब."

आता खरी लाज वाटावी अशी गोष्ट सांगतो. त्या संगणकात 40 जीबीची हार्ड डिस्क होती. एका सीडीवर 700 एमबी मावतात, म्हणजे पन्नासाहून जास्त सीड्यांचा माल त्या डिस्कमध्ये बसला असता. सॉफ्टवेअर बसवताना त्या सॉफ्टवेअरनेच विचारलं होतं, नकाशे सीडीवरच राहू देऊ की हार्ड डिस्कवर उतरवून घेऊ? कुणीतरी पहिलं बटण दाबलं, जागा वाचावी म्हणून. डिस्क निम्म्याहून जास्त रिकामी पडून होती. आणि दुसरं बटण आहे हे मीही त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. त्या चुकीत माझाही वाटा आहे.

दोन्हींत फरक काय पडतो? आपल्या भाषेत सांगतो. जुन्या काळी ज्वारी पेवात ठेवायचे. पेवातला माल वर्षानुवर्षं टिकायचा, पण पेव उघडायचं म्हणजे माणसं जमवा, माती काढा, आतला वाफारा जाऊ द्या. म्हणून रोजच्या भाकरीची ज्वारी घरातल्या कणगीत असायची. सीडी म्हणजे पेव आणि हार्ड डिस्क म्हणजे कणगी. नकाशाचं सॉफ्टवेअर एकदम एक मोठा घास घेत नाही. एक गाव दाखवायला ते शेकडो ठिकाणांहून चिमूट चिमूट माहिती उचलतं. सीडीवर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला जितका वेळ लागतो, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात हार्ड डिस्कचं काम होतं. म्हणून सीडीवर पाच मिनिटं लागणारं काम डिस्कवर चहा ओतेपर्यंत संपायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कपाटाची किल्ली लागत नाही. पेव मात्र बुजवायचं नसतं. कणगीला उंदीर लागला तर पेवच कामाला येतं. तशी मूळ सीडी जपून ठेवायची.

तुम्ही म्हणाल, साहेब, सीडी तर आता इतिहासजमा झाली. खरं आहे. आजच्या लॅपटॉपला सीडी घालायची फटसुद्धा नसते. पण तेव्हा किल्ली साहेबांच्या खिशात होती, आज ती मोबाईलच्या मनोऱ्यावर जाऊन बसली आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. बांधावर उभं राहून मोबाईल आभाळाकडे धरणारा माणूस आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिलाय, बहुतेकांनी तो आरशातच पाहिलाय. नकाशाचंही तेच. ग्रामसभेत आराखडा वाचला जातो, आपण म्हणतो ओढा दाखवा, आणि नेमकं तेव्हाच नेट जातं. म्हणून माझं सांगणं वीस वर्षांपूर्वीचंच आहे. नकाशा आपल्या कणगीत उतरवून घ्या.

आणि आज हे गरिबालाही जमतं. 2002 साली क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर बनायला सुरुवात झाली. ते जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलंय, फुकट आहे, आणि एकदा बसवलं की नेटशिवाय चालतं. जागतिक बँकेच्या कर्जावर 2018 पासून आपल्या जिल्ह्यातही चाललेला पोकरा प्रकल्प तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचं साधन बनवलं, तेही या क्यूजीआयएसवरच. पाऊस किती, माती किती खोल, उतार किती, पीक कोणतं, यावरून वाहून किती गेलं, जमिनीत किती मुरलं, पिकाला किती मिळालं याचा रोजचा हिशेब ते मांडतं. साहेब वापरतात तेच हत्यार आपल्यालाही मिळतं.

कणगीत भरायचं काय? चार वाणं सांगतो.

पहिलं, सरकारी नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाने 2017 साली, आपल्या 250व्या वर्षी, 1:50,000 प्रमाणाचे खुले नकाशे नागरिकांना फुकट उतरवून घ्यायला दिले. यात दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. पुढे 15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राने नवे नियम केले, आणि काही संवेदनशील बाबी सोडल्या तर भारतीयांना नकाशे बनवायला, बाळगायला पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. तेव्हा नकाशा म्हणजे सरकारी गुपित असं कुणी सांगितलं तर घाबरू नका.

दुसरं, जमिनीची उंची. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने 11 दिवसांत रडारने पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती सुमारे 30 मीटरला एक आकडा अशा बारकाव्याने फुकट मिळते. एक अंश बाय एक अंशाचा एक चौकोन, म्हणजे साधारण 110 बाय 105 किलोमीटर, सुमारे 25 एमबीचा. पाथरीपासून पूर्णेपर्यंत आणि जिंतूरपासून गंगाखेड-पालमपर्यंत आपला सगळा जिल्हा चार चौकोनांत बसतो. चारही मिळून 100 एमबी. माझ्या त्या कपाटातल्या एका सीडीचा सातवा हिस्सा!

तिसरं, उपग्रहाची चित्रं. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं 2015 पासून फुकट आहेत. त्यातला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. पावसाळ्यात ढग आड येतात, पण फेब्रुवारी-मार्चचं चित्र उघडा. कुठल्या शिवारात अजून हिरवं आहे, म्हणजे पाणी कुठे शिल्लक आहे, ते दिसतं.

चौथं वाण बाजारात मिळत नाही. कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी पुरतं, कुठे बरड आहे, कुठे काळी किती हात खोल आहे, कोणता ओढा पहिल्या पावसात येतो. हे त्या म्हातारबाबांच्या डोक्यात होतं, नकाशात नव्हतं. गावात फिरून ते नकाशावर चढवा. बायकांना विचारा, पाणी कधी आटतं हे त्यांना आधी कळतं. फक्त कुणाचा आधार क्रमांक, कर्ज, बँक यातलं काही त्यात घालू नका. नकाशा चार हातांत फिरणार आहे.

आता मोहात पडू नये म्हणून दोन इशारे. या नकाशावर बांधाचा तंटा सोडवायला जाऊ नका. उंचीच्या नकाशातला एक ठिपका जवळजवळ नऊ गुंठ्यांचा आहे. तिथे हात-दोन हाताच्या बांधाचा न्याय कसा होणार? हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणीच लागते. दुसरं, गोदाकाठच्या सपाट काळ्या रानात हा नकाशा उतार नीट दाखवणार नाही, त्यात काही मीटरची चूक असू शकते. बंधारा कोणत्या ओढ्यावर घ्यायचा याचा अंदाज नकाशा देईल. नेमका कुठे आणि किती उंच, ते जागेवर लेव्हल लावूनच ठरवायचं.

आणि कणगी सांभाळायची कशी? सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली तरी नकाशा उघडतो. काम चालू असताना वायर ओढू नका. बंद करायला सांगा, मग काढा. फिरत्या चकतीची डिस्क चालू असताना उचलू नका. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा दर थोड्या वेळाने साठवत चला. आणि एकाच डिस्कवर विसंबू नका. एक प्रत शाळेत, एक शेजारच्या गावात. बियाणं आपण कधी एकाच मडक्यात ठेवतो का?

माझी मागणी मोठी नाही. आपले तालुके नऊ. प्रत्येक तालुक्यात एक डिस्क आणि ती चालवणारी दोन पोरं किंवा पोरी, पुढच्या खरिपाच्या आत. बारावी झालेलं पोर चार दिवसांत शिकतं, मी शिकवायला येईन, भाडं माझं मी भरीन. तेवढं देणं माझ्याकडे लागतं.

गावातून चार माणसं पुन्हा कुठल्यातरी कार्यालयात जातील. तिथला संगणक बंद असेल, साहेब रजेवर असतील. असू द्या. लॅपटॉप आपल्या पिशवीत असेल. टेबलावर उघडायचा, दोन्ही ओढे दाखवायचे, आणि मंजुरीच्या कागदावर आपलं म्हणणं लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही.