मोठ्या पदावरील नेतृत्व : वालचंद हिराचंद यांचे उदाहरण



पेढीचा मालक होणे आणि नेता होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाला आजचा गल्ला दिसतो. नेत्याला दहा वर्षांनंतरचा व्यवहार दिसावा लागतो. हा भेद शेठ वालचंद हिराचंद यांच्या चरित्रात स्पष्ट होतो.

1882 मध्ये सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सावकारी व कापसाचा घरचा व्यवसाय सोडून त्यांनी रेल्वेच्या बांधकामाची ठेकेदारी पत्करली. भागीदार निवडले ते लक्ष्मणराव फाटक या पूर्वाश्रमीच्या रेल्वे कारकुनास. नातेगोते न पाहता जाणकारी पाहणे, हा नेतृत्वाचा पहिला गुण.

1919 मध्ये नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी 5 एप्रिल रोजी 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून कोंडी केली, सिंदिया विकत घेण्याचीही तयारी दाखविली. कंपनी विकली गेली नाही. परंतु 1923 मध्ये दहा वर्षांचा करार करून किनारी मालवाहतुकीवर समाधान मानावे लागले. ही अट स्वाभिमानास रुचणारी नव्हती. तथापि कंपनी जगली, म्हणूनच पुढील झुंज शक्य झाली. कोठे ताठ राहावे व कोठे थांबावे, हा विवेक दुसरा गुण.

तिसरा गुण धैर्याचा. 1941 मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. पुढील वर्षी त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले व कामात खंड पडला. तरीही 14 मार्च 1948 रोजी तेथे बांधलेले 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

चौथी कसोटी सर्वांत कठीण. 1940 मध्ये बंगळूर येथे त्यांनी सुरू केलेला विमान कारखाना 1942 मध्येच सरकारने ताब्यात घेतला. मालकी गेली, संस्था मात्र राहिली. आज ती हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून देशाच्या संरक्षणात उभी आहे.

1953 मध्ये वालचंदशेठ निवर्तले. आपल्या कुटुंबांतील अनेक पेढ्यांत अजूनही वडीलधारी व्यक्ती गावी गेली की धनादेशावरील सही थांबते, खरेदी थांबते. कर्त्या पुरुषाने किल्ली वेळीच पुढच्या हाती सोपवावी, चुका होऊ द्याव्यात आणि हिशेब मात्र चोख मागावा. एवढे साधले, तर त्या पेढीत नेतृत्व रुजले असे म्हणता येईल.