दहा कंपन्या जोडणारा माणूस
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



आम्ही शासकीय बांधकाम खात्यातले, पदविकेपुरते शिकलेले. म्हणून विषयही सिमेंटचाच घेतला आहे. आपले जुने वाडे दगड-चुन्यातले. चुना मळायचा, मुरवायचा आणि तो घट्ट होण्याची वाट पाहायची. सिमेंटने ते काम दिवसांवर आणले. चुनखडी व माती दळून सुमारे 1450 अंशांवर भाजायची, वर थोडा जिप्सम घालून पुन्हा दळायचे, की झाले सिमेंट!

आपल्याकडे 1914 साली पोरबंदरचा कारखाना सुरू झाला, मग कटनी, लाखेरी. महायुद्धात विलायती माल येईना, त्यामुळे धंद्याला तेजी आली. पुढे भराभर कारखाने निघाले. जवळच्या बानमोरची ग्वाल्हेर सिमेंट कंपनी त्यांतलीच. पण माल उदंड आणि गिऱ्हाईक थोडे. रेल्वेभाडे सोसून दुसऱ्याच्या दारात तोट्याने माल विकण्याची चढाओढ लागली.

ग्वाल्हेर सिमेंट ज्यांच्या गटात होती, ते मुंबईचे पारशी सॉलिसिटर फ्रामरोज एडलजी दिनशा. माधव महाराज शिंद्यांचे ते आर्थिक सल्लागार. म्हणजे आपल्या लष्करशी त्यांचा जुना ऋणानुबंध.

1925 साली कारखानदारांनी भाव ठरवण्यासाठी संघ काढला, 1930 साली विक्री एकत्र केली. तरी कारखाने वेगळेच राहिले. दिनशांनी ओळखले की, कंपन्याच एक झाल्या तर प्रत्येक कारखाना जवळच्या मुलखाला माल देईल आणि भाडे वाचेल. मालकांची मने वळवणे हे खरे अवघड काम. टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि दिनशा या चार गटांच्या दहा कंपन्या अखेर एक झाल्या. 1 ऑगस्ट 1936 रोजी 'एसीसी' स्थापन झाली. दिनशा मात्र त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले होते. सर नवरोजी सकलातवाला पहिले अध्यक्ष झाले.

ग्वाल्हेर सिमेंट हे नाव त्यात विरले, पण कारखाना टिकला.

आज हे सांगण्याचे कारण आहे. गावात आपली मराठी माणसे थोडी, तरुण पोरे पुण्या-बेंगळुरूकडे निघालेली. तेच सभासद चार ठिकाणी वर्गणी देतात आणि प्रत्येक मंडळाला खुर्च्या मांडायला माणूस मिळत नाही. फलकावर कुणाचे नाव राहील, यावर आपण किती दिवस अडून बसणार? येत्या वर्षी निदान एक कार्यक्रम तरी सर्वांनी मिळून करावा, एवढीच आमची विनंती.

गणपती बाप्पा मोरया!