पेटी बदलायला दोघी गेल्या

आपला सोलरचा दिवा दिवसा बॅटरी भरून घेतो न् रात्री जळतो. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकाचंही तसंच आहे. फक्त तिथं दर दीड तासाला सूर्य उगवतो न् मावळतो. बॅटरीत वीज भरणं-सोडणं सांभाळणाऱ्या पेट्या स्थानकाच्या बाहेरच्या अंगाला बसवलेल्या असतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यातली एक बंद पडली.

ती बदलायला १८ तारखेला क्रिस्टिना कोच आणि जेसिका मीर बाहेर पडल्या. तोवर अशा कामाला बाई गेली, तर जोडीला पुरुष असायचाच. दोघीच बायका पहिल्यांदाच गेल्या. खरं तर मार्चमध्येच दोन बायका जायच्या होत्या, पण मधल्या मापाचा पोशाख एकच तयार होता, म्हणून बेत मोडला. आपण ब्लाऊज उसवून बसवून घेतो हो, तिथं ते जमत नाही!

हातात जाड, फुगलेले हातमोजे. हत्यारं दोरीनं बांधलेली, कारण हातातून सुटलं की गेलंच. ७ तास १७ मिनिटं त्या बाहेर होत्या. जुनी पेटी सोडवली, नवी बसवली, जुनी आत घेऊन आल्या. काम चालू असतानाच खालून निरोप आला होता : नवी पेटी सुरू झाली.