महारोहिणीचे दुखणे आणि वेळेचे मोल

शिरूर व दौंड तालुक्यांतील बंधुभगिनींनो,

हृदयातून निघणारी महारोहिणी ही देहातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. उच्च रक्तदाब व धूम्रपान यांमुळे तिची भिंत दुबळी होऊन फुगते, अथवा अस्तराला चीर पडून रक्त भिंतीच्या थरांत शिरते. १९९० साली ब्युनॉस आयर्स येथे डॉ. हुआन पारोदी यांनी पोटातील अशा फुगवट्यात जांघेतील रोहिणीवाटे कापडी आवरणाची जाळीदार नळी बसविली. पोट उघडावे लागले नाही. हृदयालगत चीर पडल्यास मात्र छातीची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते.

म्हणून छातीत वा पाठीत अकस्मात फाडल्यासारखी कळ आली, तर वात समजून शेकत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुण्याची वाट लांब आहे. घरीच वेळ दवडू नये. रक्तदाब मात्र गावाजवळच्या आरोग्य केंद्रात नियमित तपासता येतो. खरे संरक्षण तेथूनच सुरू होते.