दोन वर्षांचा कागद आणि बिनफीचा वकील

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण)



वकिलाला गणपतीत बोलायला बोलावले की तो मृत्युपत्रावर नाहीतर सोसायटीच्या भांडणावर बोलणार, असे लोक धरूनच चालतात. आज त्या दोन्हींतून तुमची सुटका. विषय अमेरिकेतला आहे. पण आपल्या हैदराबादच्या मराठी घरांत भाचा, पुतण्या किंवा मुलगी तिकडे नाही असे घर शोधावेच लागेल, तेव्हा तो परका वाटू नये.

१५ जून २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी एक योजना जाहीर केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘डाका’ म्हणतात. नाव ऐकून आपल्याला दरोडा आठवतो, त्याला इलाज नाही. लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या, पण राहण्याचा परवाना नसलेल्या मुलांना दोन वर्षांपुरते देशाबाहेर काढायचे नाही आणि कामाची परवानगी द्यायची, एवढेच तिचे स्वरूप. नागरिकत्व नाही, ग्रीन कार्ड नाही. सोळा वर्षांचा होण्याआधी आलेला, जाहीर झाल्या दिवशी एकतिशी न गाठलेला, १५ जून २००७ पासून सलग तिथेच राहिलेला, शिकत असलेला किंवा शाळा पुरी केलेला, आणि गंभीर गुन्हा नसलेला, अशा मुख्य अटी. आजवर आठ लाखांहून अधिक जणांना हे संरक्षण मिळाले.

अर्ज घेणे सुरू झाले १५ ऑगस्ट २०१२ ला. त्या दिवशी शिकागोत सरोवराकाठच्या नेव्ही पिअरवर मोफत मदतीसाठी हजारोंची रांग लागली. सगळ्यांना आत घेणे शक्यच नव्हते. पुष्कळांना माहिती देऊन परत पाठवावे लागले. टेबलांशी बसलेले वकील स्वयंसेवक होते.

हे वकील का लागतात? तिकडे फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकार वकील देते. १९६३ च्या गिडियन निकालापासून ते पक्के आहे. पण देशाबाहेर काढण्याच्या प्रकरणात तसा हक्क नाही. वकील हवा तर करा, खर्च तुमचा. आपल्याकडे १९८७ च्या कायद्याने तालुक्यापर्यंत विधी सेवा समित्या आल्या, त्यांच्या कामाला आपण कितीही नावे ठेवली तरी. तिकडे ही पोकळी संस्था, कायद्याची महाविद्यालये आणि वकील संघटना भरून काढतात. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत वकिलाने वर्षाला निदान ५० तास बिनफी काम करावे अशी अपेक्षा आहे. सक्ती नाही.

शिबिराची रीत आपल्या रक्तदान शिबिरासारखी, टेबलामागून टेबल. पहिल्यावर पात्रता, दुसऱ्यावर फॉर्म, पुढे कागदपत्रे आणि शेवटी जाणत्या वकिलाची नजर. फॉर्म भरणे अवघड नाही. अवघड आहे पाच वर्षांचा सलग रहिवास सिद्ध करणे. जो इतकी वर्षे आपले नाव कुठे लागू नये म्हणून जपत आला, त्यालाच आता नाव असलेले कागद आणायला सांगायचे! मग शाळेचे दाखले, लसीकरणाची नोंद, दवाखान्याची बिले, चर्चमधला दाखला असे एकेक वर्ष जोडत जायचे. मुलासाठी महाराष्ट्राचे डोमिसाइल काढायला गेलेल्या आपल्यातल्या पालकांना या खटाटोपाची थोडी कल्पना येईल. फरक इतकाच की आपला अर्ज फेटाळला तर फार तर कॉलेजची जागा जाते.

तिथे फेटाळला तर अपील नाही. आणि अर्ज करणे म्हणजे मी बेकायदा राहतो आणि हा माझा पत्ता, असे सरकारला लिहून देणे. ही माहिती सहसा हद्दपारीसाठी वापरणार नाही असे सरकारने सांगितले होते, पण हे धोरण केव्हाही बदलता येईल असेही सोबत सांगितले होते. सुरुवातीची फी ४६५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने पंचवीस हजार रुपयांच्या वर.

म्हणून माझ्या मते या वकिलाचे खरे काम फॉर्म भरण्याचे नाही, विचारण्याचे आहे. कधी अटक झाली होती का? जुना हद्दपारीचा हुकूम आहे का? नोकरीच्या फॉर्मवर ‘अमेरिकन नागरिक’ या चौकटीत खूण केली होती का? या शेवटच्या खुणेने पुढे ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद होऊ शकते. उलट, एखादी मुलगी गुन्ह्याला बळी पडून पोलिसांना मदत केलेली निघते, आणि तिच्यासाठी वेगळा, अधिक भक्कम व्हिसा असतो. तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाला “तू हा अर्ज पाठवू नकोस” हे सांगायला वकीलच लागतो. पैसे घेऊन फॉर्म भरणारा ते सांगत नाही.

तसे फॉर्म भरणारे तिकडे ‘नोतारिओ’ अशी पाटी लावतात. मेक्सिकोत नोतारिओ म्हणजे मोठ्या मानाचा कायदेपंडित. अमेरिकेत नोटरी म्हणजे सहीचा साक्षीदार, बस. आपल्याकडेही नोटरी वकीलच असतो, त्यामुळे आपला माणूसही या पाटीला सहज फसेल.

५ सप्टेंबर २०१७ ला ट्रम्प सरकारने योजना गुंडाळायची घोषणा केली. ज्यांची मुदत सहा महिन्यांत संपत होती त्यांना नूतनीकरणासाठी फक्त ५ ऑक्टोबरपर्यंतचा अवधी मिळाला. त्या महिन्यात पुन्हा ठिकठिकाणी शिबिरे भरली. १८ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी ते गुंडाळणे मनमानी ठरवले. पण जुलै २०२१ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने योजनाच बेकायदा ठरवून नवे अर्ज मंजूर करायला मनाई केली. जुन्यांच्या नूतनीकरणाला तेव्हा धक्का लावला नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. डाका मिळालेल्यांत भारतात जन्मलेली मुलेही आहेत. पण एच-१ वरच्या आईबापांबरोबर रीतसर व्हिसाने राहणारी मुले यात बसलीच नाहीत, कारण १५ जून २०१२ ला कायदेशीर दर्जा नसणे हीच अट होती! सगळे कागद सरळ, म्हणून अपात्र. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग लांब, आणि एकविसाव्या वर्षी मूल आईबापांच्या व्हिसातून गळते. मग विद्यार्थी व्हिसा नाहीतर परतीचे तिकीट. २००२ च्या एका कायद्याने कंपनीचा अर्ज मंजुरीसाठी जितके दिवस पडून होता तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. ही वजाबाकी मूल पंधरा-सोळाचे असतानाच तिथल्या वकिलाकडून करून घ्या, असे आज रात्री फोनवर तुमच्या माणसांना सांगा. तिकडे आत्ता सकाळ आहे.