रुग्णाचे समाधान : मोजणे आणि ऐकणे

(वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासन विभागातर्फे केलेले भाषण)



दरवर्षी या सभेपुढे आम्ही खाटांचे, शस्त्रक्रियांचे आणि जमाखर्चाचे आकडे ठेवतो. आज एका वेगळ्या आकड्याविषयी बोलण्याची अनुमती हवी आहे. त्याचा आम्हांला अनेक वर्षे अभिमान होता. आता मात्र थोडा संकोच वाटतो. तो आकडा म्हणजे रुग्णांच्या अभिप्राय पत्रकांवरील ‘उत्तम’ या शेऱ्यांचा.

आमचे पत्रक साधे होते. घरी जाताना रुग्णाने डॉक्टर, परिचारिका, स्वच्छता आणि भोजन यांपुढे ‘उत्तम’, ‘बरे’ किंवा ‘असमाधानकारक’ अशी खूण करावयाची. मोफत खाटांवरील रुग्णांची पत्रके जवळजवळ सारीच ‘उत्तम’ असत. तक्रारी येत त्या बहुधा खासगी खोल्यांतून. त्यावरून गरीब रुग्ण आमच्यावर संतुष्ट आहे, असा निष्कर्ष आम्ही काढला. ज्या खातेवहीत केवळ जमेच्याच नोंदी आहेत ती पाहून हिशेबतपासनीसाच्या मनात प्रथम शंका यावी, हे वाणिज्य शाखेत आम्हांस शिकविलेले. ती शंका येथे मात्र आम्हांला शिवली नाही.

ती आली एका सकाळी. सर्वसाधारण कक्षातील एका आजींना आदल्या दिवशी घरी सोडल्याची नोंद होती. पत्रकावर ‘उत्तम’ अशी खूण आणि खाली अंगठा होता. प्रत्यक्षात आजी व त्यांचा मुलगा बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात गाठोड्याशेजारी बसलेले आढळले. डॉक्टरांनी सकाळच्या फेरीतच घरी जाण्यास सांगितले होते. पण उरलेली औषधे परत करणे, तपासण्यांचे आकार बिलात चढविणे, शिधापत्रिकेची व उत्पन्नाच्या दाखल्याची पडताळणी, या हेलपाट्यांत सायंकाळ झाली आणि गावाकडची शेवटची एस.टी. निघून गेली. मायलेकांनी रात्र व्हरांड्यातच काढली. “मग हे पत्रकावर का सांगितले नाही?” या आमच्या प्रश्नावर मुलगा म्हणाला, “साहेब, एवढा औषधोपचार फुकट झाला. वर तक्रार कोणत्या तोंडानं करायची? आणि पुढच्या महिन्यात तपासायला पुन्हा इथंच यायचंय.” पत्रक भरून घेतले होते ते कक्षातील परिचारिकेनेच.

उपकाराचे दडपण, पुढच्या भेटीची धास्ती आणि जिच्या सेवेविषयी विचारायचे तीच व्यक्ती विचारणारी! अशा पत्रकातून समाधान मोजले जात नाही, संकोच मोजला जातो.

वस्तुतः मोफत खाट ही आमची मेहेरबानी नव्हे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या आहेत. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. त्याही आधी, १३ नोव्हेंबर १९९५ रोजी, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली होती. जेथे काही रुग्ण शुल्क देतात, तेथे मोफत उपचार घेणारा रुग्णही १९८६ च्या तत्कालीन ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहकच ठरत होता. म्हणजे त्याला बोलण्याचा अधिकार होता. बोलण्याची जागा आम्ही ठेवली नव्हती.

ती जागा कशी करावी, याचा विचार करताना इतरांची पद्धतही पाहिली. अमेरिकेत एचसीएएचपीएस या नावाचे सर्वेक्षण आहे. त्यातील रुग्णालयनिहाय निष्कर्ष २००८ पासून जाहीर होतात. तेथे रुग्णाला प्रश्न विचारतात ते घरी गेल्यावर किमान ४८ तासांनी. ‘परिचारिकांनी तुमचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकले का?’ यासारख्या प्रश्नाला ‘कधीच नाही’, ‘कधीकधी’, ‘बहुतेक वेळा’, ‘नेहमी’ यांपैकी उत्तर द्यावयाचे असते. मत विचारले की माणूस भिडेखातर बोलतो. काय घडले ते विचारले की सांगतो.

त्यानुसार आम्ही पत्रक बदलले. हाक मारल्यावर किती वेळाने कोणी आले? औषध केव्हा व कसे घ्यायचे हे कोणी समजावले? डॉक्टरांनी घरी जा म्हटल्यापासून फाटकाबाहेर पडेपर्यंत किती वेळ गेला? हे प्रश्न आता समाजसेवा विभाग रुग्ण घरी पोचल्यानंतर दूरध्वनीवरून विचारतो. विचारणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या कक्षातील नसते.

पाठोपाठ कामाची पद्धतही बदलावी लागली. घरी सोडण्याची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. उरलेली औषधे त्याच वेळी परत होतात. निर्धन रुग्णांच्या कागदपत्रांची पडताळणी दाखल झाल्याच्या दिवशीच हाती घेतली जाते. औषधांच्या पाकिटांवर सूर्य व चंद्राची चित्रे छापली आहेत. दूरचा रुग्ण असल्यास शेवटच्या एस.टी.ची वेळ त्याच्या कागदावर लिहिली जाते. यासाठी मोठी देणगी लागली नाही.

आता एक कबुली. या बदलानंतर तक्रारी वाढल्या. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत साहजिकच प्रश्न आला, की सेवा घसरली काय? आमचे उत्तर असे की, खर्चाची बाजू आता कोठे लिहिली जाऊ लागली आहे. रात्रीच्या गोंगाटाची तक्रार अजून मिटलेली नाही, आणि दूरध्वनी नसलेल्या रुग्णांपर्यंत आम्ही पोचत नाही. हे दोन्ही दोष या सभेपुढे नोंदवून ठेवतो.

कर्मचारी बंधु-भगिनींना विनंती, की तक्रार हा आपल्यावरचा ठपका मानू नये. विश्वस्तांना विनंती, की दर बैठकीत ताळेबंदाबरोबर किमान एक तक्रार संपूर्ण वाचली जावी, आणि ती मोफत खाटेवरील रुग्णाची असावी. त्या आजी पुढच्या महिन्यात तपासणीस आल्या, तेव्हा भोजनातील भाकरी कडक असते, असे त्यांनी आम्हांला तोंडावर सांगितले. त्या दिवशी रुग्णालयावर त्यांचा विश्वास बसला, असे आम्ही समजतो.