घसरायला कुठं जायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूरच्या माणसानं बर्फावर बोलावं यात थोडी गंमत आहे, हे मला मान्य आहे. आमच्याकडे बर्फ भेटतो तो एप्रिल-मे महिन्यात, गोळेवाल्याच्या रंध्यावर, नाहीतर रसवंतीत गोणपाटात गुंडाळलेला. त्यात मराठीची एक पंचाईत आहे. गोळ्याचा तो काचेसारखा टणक बर्फ आणि आभाळातून पिंजलेल्या कापसासारखा उतरणारा बर्फ, दोघांसाठी आपण एकच शब्द वापरतो. 'हिम' आहे, पण तो बिचारा पुस्तकातून बाहेर येत नाही. काश्मिरीत आभाळातून पडणाऱ्या बर्फाला 'शीन' म्हणतात. उच्चारतानाच मऊ वाटतो शब्द. ज्याला स्कीइंगला जायचंय त्यानं हा फरक आधीच ध्यानात घ्यावा, कारण मऊ बर्फावर पडलं की माणूस हसतो आणि टणक बर्फावर पडलं की हाड शेकत बसतो.

२०२४च्या फेब्रुवारीत आम्ही घरची पाच माणसं गुलमर्गला जाऊन आलो. तेव्हापासून ओळखीपाळखीची मंडळी विचारत असतात, 'आम्हालाही स्कीइंग करायचंय, कुठलं रिसॉर्ट चांगलं?' आता आपल्याकडे रिसॉर्ट म्हटलं की डोळ्यांसमोर लोणावळ्याचा पोहण्याचा तलाव आणि दुपारचं बुफे येतं. स्की रिसॉर्ट म्हणजे एक हॉटेल नव्हे. तो अख्खा डोंगर असतो: त्याचे उतार, वर नेणारे पाळणे आणि खुर्च्या, साहित्य भाड्यानं देणारी दुकानं, शिकवणारे, आणि कोणी अडकला तर उचलून आणणारी माणसं. हॉटेलची खोली गरम आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो शेवटचा.

आमच्या घरात पहिल्यांदा लॅपटॉपवर आलं ते परदेश. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला कझाकस्तानात अल्माटीजवळचं शिंबुलाक आणि जॉर्जियातलं गुदौरी ही दोन नावं कुणीतरी सांगितली होती. स्वित्झर्लंडही निघालं. आपली सहलीची मंडळी टिट्‌लिसला आणि युंगफ्राऊला जातात, पण तिथं बहुतेकजण बर्फात उभे राहून फोटो काढतात आणि पाळण्यातून खाली येतात. ते स्कीइंग नव्हे. जाता जाता सांगतो, वाकड्यातिकड्या वळणांनी खुंट्यांमधून उतरायची 'स्लालम' नावाची जी शर्यत आहे, तिचं आजचं रूप १९२२ साली स्वित्झर्लंडमधल्या म्युरन गावी आर्नल्ड लन यांनी ठरवलं. या गृहस्थांचा जन्म मद्रासचा! तेव्हा उष्ण गावच्या माणसानं बर्फाच्या नादी लागू नये, असा काही नियम नाही.

युरोपात एक सोय मात्र मोठी. उतारांना रंग दिलेले असतात. हिरवा किंवा निळा म्हणजे सोपा, लाल म्हणजे अवघड, काळा म्हणजे ज्याचं त्यानं पाहावं. नवख्या माणसाला पाटी वाचून आपली जागा कळते. आपल्याकडे ती विचारून घ्यावी लागते. पण पाच जणांची तिकिटं, व्हिसा आणि त्यातलं एक माणूस पायाला फळ्या बांधणारच नाही, हा हिशेब मांडल्यावर परदेशाचं पान मिटलं.

ते एक माणूस म्हणजे माझी पत्नी. तिचा उजवा गुडघा गेली सहा वर्षं कुरकुरतो. घरात आम्ही दखनी बोलतो. ती म्हणाली, "पहले मेरा घुटना देखो, बाद में तुम्हारा पहाड." मला वाटतं, स्की रिसॉर्ट निवडण्याचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे. जाहिराती शिखर दाखवतात. आशियातला अमुक उंचीचा पाळणा, तमुक मीटरचा उतार. पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यातलं काहीच लागत नाही. त्याला लागतो दीडदोनशे मीटरचा सौम्य उतार, खाली सपाटी, जिथं आपोआप थांबता येईल, आणि शिकवणारा धीराचा माणूस. घरातलं सर्वांत कच्चं माणूस दिवसभर कुठं बसेल, काय खाईल, आडोसा कुठं आहे, हे ज्या ठिकाणी नीट जमतं ते आपलं ठिकाण. स्कीइंगमध्ये सर्वांत जास्त दुखावतो तो गुडघाच, हे आमच्या डॉक्टरांनीही बजावलं होतं.

देशात चारपाच नावं होती. शिमल्यापुढचं नारकंडा छोटं आणि शांत, पण तिथं बर्फाचा भरवसा कमी. मनालीजवळचं सोलंग सोयीचं. उतार आखूड, पण नवख्याला तेवढे पुष्कळ. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचे रीतसर अभ्यासक्रम तिथं होतात. मात्र हंगामात मनालीच्या त्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, तिच्या आठवणीनं मुलानं ते नाव खोडलं.

औलीवर माझं मन बसलं होतं. उत्तराखंडात अडीच ते तीन हजार मीटरवरचे उतार, समोर नंदादेवी. २०११ची पहिली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथं झाली. गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेत आलं आहे, त्यामुळे मनापासून शिकायचं असेल त्यानं औलीचा विचार करावा. पण औलीला जाण्याचा रस्ता जोशीमठातून जातो, ज्याचं नाव आता ज्योतिर्मठ झालं आहे. २०२३च्या जानेवारीत ते गाव खचू लागलं. घराघरांतून तडे गेले, शेकडो कुटुंबांना बिऱ्हाडं हलवावी लागली, आणि गावातून औलीला नेणारा सुमारे चार किलोमीटरचा रोप-वे थांबवावा लागला. त्याच फेब्रुवारीत बर्फाअभावी औलीतल्या स्पर्धा रद्द झाल्या. ऋषीकेशपासून सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता, वर पुन्हा गाडीनं चढणं. गुडघ्यानं औलीला नकार दिला. माझ्या मनात दुसरंही एक होतं. ज्या गावातले लोक घराला टेकू लावून बसलेत, त्याच गावातून रंगीत जाकिटं घालून वर घसरायला जायचं, हे मला जमलं नसतं. काहीजण म्हणतील, पर्यटक गेले तरच त्या लोकांच्या हातात पैसा येईल. तेही खरं आहे.

उरलं गुलमर्ग. श्रीनगरहून साधारण पन्नास किलोमीटर, उंची २,६५० मीटर. मूळ नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात युसूफ शाह चक या राजानं ते गुलमर्ग केलं असं सांगतात. काश्मिरीची मोठी कवयित्री हब्बा खातून परंपरेनं याचीच पत्नी. अकबरानं त्याला पकडून नेलं आणि तो परत आला नाही. कुरणाला फुलांचं नाव देणारा राजा बिहारच्या मातीत पुरला आहे. असो.

जागा ठरली तरी प्रश्न उरतो तारखेचा, आणि इथं मराठी घराची खरी अडचण होते. आपल्या सुट्ट्या दोन, दिवाळीची आणि मे महिन्याची. दिवाळीत बर्फ पुरेसा पडलेला नसतो आणि मे महिन्यात वितळत आलेला असतो. नाताळच्या आठवड्यात गर्दी फार आणि बर्फाची खात्री नाही. फेब्रुवारी उत्तम, तर तेव्हा दहावी-बारावी समोर. ज्यांच्या घरात परीक्षा आहे त्यांनी सव्वीस जानेवारीच्या आसपासचे दिवस पाहावेत. काश्मिरी माणसाचं याबाबतचं पंचांग सरळ आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्ले कलां', म्हणजे थोरला गारठा. मग वीस दिवस 'चिल्ले खुर्द', धाकटा. आणि शेवटी दहा दिवस 'चिल्ले बच्चा'. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, हा शब्द आपल्याकडच्या दर्ग्यांमुळे आपल्यालाही ठाऊक आहे. थोरल्या गारठ्यात पडलेला बर्फ टिकतो आणि धाकट्याच्या दिवसांत ऊन थोडं सुसह्य होतं. नवख्यांनी धाकट्याच्या दिवसांत जावं.

पण पंचांगही आता चुकतं. आमचं आधी ठरलं होतं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. २०२४च्या त्या जानेवारीत वर्तमानपत्रांत गुलमर्गचे फोटो आले. पिवळं गवत, मोकळ्या खुर्च्या आणि मातीत उभ्या स्लेज. चिल्ले कलां सरत आला तरी बर्फ नाही! लोकांनी धडाधड आरक्षणं रद्द केली. आम्ही तारीख पुढं ढकलली. महिन्याच्या अखेरीस बर्फ आला आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पोचलो तेव्हा छपरांवर हातभर जाड थर होता. २०२५मध्ये पुन्हा तेच. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नसल्यानं फेब्रुवारीतून मार्चमध्ये न्याव्या लागल्या. म्हणून रद्द करताना किंवा तारीख बदलताना किती पैसे कापतात, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारावं. खोली किती गरम, यापेक्षा हे महत्त्वाचं.

माझी स्लेज ओढणारा माणूस पन्नाशीचाच होता. मी जरा संकोचलोच, आपल्या वयाच्या माणसानं आपल्याला ओढायचं. तो म्हणाला, जानेवारीत तो रोज सकाळी तंगमर्गहून वर यायचा, स्लेजला टेकून बसायचा आणि संध्याकाळी तसाच उतरायचा. आमच्याकडे पाऊस लांबला की कोरडवाहू शेतकरी बांधावर येऊन बसतो, तसंच. आभाळाकडे बघायची पद्धत सगळीकडे एकच असते.

पहिला दिवस आम्ही पडण्यात घालवला. शब्दशः सांगतो. आधी शिकवतात तेच मुळी पडायचं कसं आणि उठायचं कसं. मग फळ्यांची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून, नांगराच्या फाळासारखा आकार करून वेग कमी करायचा. मुलगी तिसऱ्या दिवशी सफाईनं वळू लागली. माझी मजल पन्नाससाठ फुटांची. पत्नी उन्हात खुर्ची टाकून, मांडीवर कांगडी घेऊन, कहवा पीत आमची फजिती पाहत होती. पाळण्याच्या पहिल्या टप्प्यानं ती कोंगदूरीपर्यंत आली, म्हणाली "बस", आणि आम्ही तिथूनच परतलो.

दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर जातो, सुमारे ३,९५० मीटरवर. मुलाचा जीव तिथं अडकला होता. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. एवढ्या झपाट्यानं एवढं उंच गेलं की दम लागतो, डोकं जड होतं. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे वरचे बरेचसे उतार चापूनचोपून तयार केलेले नसतात. तो उघडा डोंगर आहे आणि तिथं हिमकडे कोसळतात. २०१०च्या फेब्रुवारीत सैन्याचे १७ जवान अशाच एका लोटात गेले. २०२३च्या फेब्रुवारीत पोलंडचे दोन आणि २०२४च्या फेब्रुवारीत, आम्ही परतल्यावर थोड्याच दिवसांत, रशियाचा एक स्कीपटू. हे सगळे अनुभवी लोक होते. मुलगा पाळण्यानं वर जाऊन, पाहून, पाळण्यानंच खाली आला. थोडा रुसला होता. वारा वाढला की पाळणा बंद ठेवतात, तेव्हा आपले लोक तिकीटखिडकीवर भांडतात. २०१७च्या जूनमध्ये वादळी वाऱ्यात झाड कोसळून पाळण्याचा अपघात झाला आणि सात माणसं गेली. बंद म्हणाले की बंद.

आता एक गोष्ट टाळून पुढं जाता येणार नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरणच्या कुरणात २६ माणसं मारली गेली. त्यात सहा जण महाराष्ट्रातले होते, आणि एक तिथलाच घोडेवाला. त्यानंतर मला विचारणाऱ्यांचा सूर बदलला. 'जावं का?' असं विचारतात. एका शेजाऱ्यानं सहज म्हटलं, "तुम्हाला काय भीती!" मी त्यांना सांगितलं, माझ्या घरच्यांची मला जेवढी काळजी वाटते तेवढीच तुम्हालाही वाटते, त्यात कमीजास्त नाही. जावं की न जावं हे मी दुसऱ्याच्या वतीनं ठरवू शकत नाही. कुठली ठिकाणं खुली आहेत याची सरकारी माहिती निघण्याच्या आठवड्यात घ्यावी, आणि घरातल्या एकालाही मनापासून धास्ती वाटत असेल तर त्याला हसू नये. सोलंग आहे, औली आहे. बर्फ पुढच्या वर्षीही पडेल, निदान आशा तरी करू.

जाणार असाल तर श्रीनगरात येताजाता दोन दिवस मोकळे ठेवा. बर्फ जास्त पडला की विमानं रद्द होतात. विमा काढताना स्कीइंगची दुखापत त्यात धरली आहे का, हे स्पष्ट विचारा, कारण पुष्कळदा ती धरलेली नसते. साहित्य भाड्यानं घेताना घाई करू नका. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता आरिफ खान, तो या तंगमर्गचा, आणि त्याच्या वडिलांचं दुकान स्कीच्या साहित्याचं. तेव्हा दुकानदाराला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं समजून त्याचं ऐका. बूट घालून पाच मिनिटं उभं राहा, गुडघे पुढं वाकवून पाहा. टाच उचलली जात असेल तर दुसरा जोड मागा. आणि मोजे एकच जोडी घाला. घरून लोकरीचे दोन-दोन मोजे चढवून गेलेल्यांचे पाय बुटात आवळतात आणि तेच आधी गार पडतात.